ट्रॅव्हल्सच्या काऊंटरवाल्यानं ॲपवरून काढलेलं तिकीट

सांगलीत विश्रामबागला माझं काऊंटर आहे. काऊंटर म्हणजे काय, एक शटर, एक टेबल, दोन स्टूल आणि भिंतीवर सात ट्रॅव्हल्सचे बोर्ड. २००२ पासून पुणे-मुंबईची तिकिटं काढतोय. त्यामुळं तिकिटांच्या ॲपचं हे परीक्षण तटस्थ नाही, आधीच सांगून ठेवतो. ज्याच्यापायी माझं गिऱ्हाईक निम्म्यावर आलं, त्यालाच स्टार द्यायला बसलोय.

निमित्त घरातलंच. धाकटी पुण्याला बीबीए करते. दिवाळी संपवून परत निघाली तेव्हा माझ्याच स्टुलावर बसून, माझ्याच टेबलावर कोपर टेकून, माझ्याच भिंतीवर जिचा बोर्ड आहे त्या गाडीचं तिकीट तिनं मोबाईलवर काढलं.

"अगं, मी इथं बसलोय की!"

"बाबा, सवय झालीय ओ. लक्षातच आलं नाही."

मुद्दाम केलं असतं तर मी दोन शब्द बोललो असतो. लक्षातच आलं नाही म्हटल्यावर काय बोलणार? वर तिनंच मला शिकवलं. त्यांच्या अभ्यासात म्हणे हे सगळं आहे. १९८९ साली फ्रेड डेव्हिस नावाच्या माणसानं मांडलं, की माणूस नवीन तंत्र उचलतो ते दोन गोष्टींवर: ते कामाचं वाटतं का, आणि वापरायला सोपं वाटतं का. पुढं वेंकटेश आणि मंडळींनी असंच एक मोठं सूत्र केलं, त्यात आजूबाजूचे लोक काय म्हणतात तेही धरलं, आणि २०१२ साली त्यात मजा, मोजलेल्या पैशाचा मोबदला आणि सवय यांची भर घातली. "बघा बाबा, सवय हा पेपरमधला मुद्दा आहे," म्हणाली. मी म्हटलं, सुट्ट्या पैशांचं काही आहे का त्यात? नव्हतं.

माझी आपली समजूत पक्की होती, की पोरं सूट मिळते म्हणून ॲपवर जातात. पन्नास-शंभर रुपये कमी केले की झालं. ते खरं का खोटं बघायचं म्हणून गेल्या महिन्यात पुण्याला जायचं निघालं तेव्हा मीही ॲपवरूनच तिकीट काढलं. ॲपचं नाव लिहीत नाही. पोरांच्या मोबाईलात जी चार-पाच असतात त्यांतलं एक.

उतरवून घेतलं, नंबर टाकला, ओटीपी आला, झालं. इथपर्यंत पाऊण मिनिट. सांगली-पुणे टाकल्यावर एकोणतीस गाड्या आल्या. मी सातच कंपन्यांची तिकिटं विकतो, म्हणजे यातल्या कितीतरी गाड्या अशा की ज्या रोज माझ्या दारावरून जातात आणि मी गिऱ्हाइकाला कधी सांगितल्या नाहीत. हे पहिलं बसलं.

दुसरं म्हणजे सीटचा नकाशा. आमच्याकडं पूर्वी छापील चार्ट असायचा, शिसपेन्सिलीनं भरलेला. प्रत्येक काऊंटरला कोटा: माझ्या वाट्याला समजा ७, ८, १५, १६. ते संपले की मुख्य ऑफिसला फोन, तिथं लाइन लागायची नाही, लागली तर "थांब जरा, मिरजवाल्याला विचारतो". तोवर गिऱ्हाईक टेबलावर बोटं वाजवत उभं. मी चार्ट स्वतःकडं वळवून बसायचो, आणि "खिडकी द्या" म्हणणाऱ्याला "खिडकीच दिलीय" म्हणून चाकावरची सीट द्यायचो. खोटं कशाला बोलू? सगळेच द्यायचे. ॲपवर तो चार्ट गिऱ्हाइकाच्या बाजूला वळलाय. सिंगल लोअर, म्हणजे एकट्याचा खालचा बर्थ, कुठली, शेवटची धडधडणारी कुठली, बाईमाणसानं घेतलेली सीट गुलाबी, सगळं उघड. मी तेवीस वर्षांत पहिल्यांदा स्वतःसाठी सीट निवडली आणि खरं सांगतो, मजा आली. सिंगल लोअर, तिसरी.

हा धंदा निघालाही आमच्यासारख्यांमुळंच. बसची तिकिटं ऑनलाइन विकणारी रेडबस २००६ मध्ये बंगळूरला सुरू झाली. त्याच्या आदल्या वर्षी दिवाळीला फणींद्र सामा नावाचा इंजिनीअर गावी जायला तिकीट शोधत एजंटांकडं फिरला आणि त्याला मिळालं नाही. (मी तिकीट काढलं ते ॲप हे नव्हे.) मिळणार कसं? एका एजंटाला दुसऱ्याच्या कोट्यातलं दिसायचंच नाही. गाडी चार सीट रिकाम्या घेऊन जायची आणि माणूस स्टँडवर पेपर अंथरून बसायचा. ही गोष्ट मला आधीपासून माहीत होती, पण त्यातला एजंट म्हणजे मी, हे तो नकाशा बघताना कळलं.

आता पैशाचं. भाडं ७५०. पहिल्या तिकिटाला १०० सूट, म्हणजे ६५०. त्यावर जीएसटी साडेबत्तीस. मग खाली बारीक अक्षरात विमा १५ रुपये, आधीच टिक केलेला. त्याच्या खाली कसल्याशा मदतनिधीला ५ रुपये, तीही टिक लावलेली. एकूण ७०२.५०. तीच सीट माझ्या काऊंटरवर जीएसटी धरून रोख सातशे! टिका काढल्या तेव्हा ६८२.५० झाले. म्हणजे शंभराची सूट साडेसतरा रुपयांवर आली. असं न विचारता टोपलीत टाकणं आपल्याकडं नियमानं बंद आहे. केंद्राच्या ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं नोव्हेंबर २०२३ मध्ये अशा १३ चलाख्यांची यादीच काढलीय. खोटी घाई लावणं हाही त्यातलाच प्रकार. माझ्या स्क्रीनवर लाल अक्षरात "फक्त २ सीट शिल्लक" असं येत होतं. मी मुख्य ऑफिसला फोन लावला, तर चार्टला अकरा रिकाम्या. "ॲपला दिलेल्यांतल्या दोनच उरल्या असतील," तिकडचा म्हणाला. असतील बुवा. पण मी गिऱ्हाइकाला असं सांगितलं असतं तर तो मला चोर म्हणाला असता.

भाड्याचंही तसंच. राज्य सरकारनं २०१८ मध्ये घालून दिलंय, की खासगी गाडीनं तशाच एसटीच्या भाड्याच्या दीडपटीवर जायचं नाही. दिवाळीत भाडं चढलं की पोरं हा नियम माझ्या तोंडावर फेकतात, आणि बरोबर फेकतात. ॲपवर त्याहून चढलेलं दिसलं तर मुकाट अंगठा दाबतात. भांडायला समोर तोंडच नाही.

गाडी रात्री पावणेअकराची. ॲपवर गाडी कुठं आलीय ते दिसतं, याचं मला फार कौतुक होतं. दहा वाजून पंचवीस मिनिटांनी ती मिरजेत होती. दहा चाळीसलाही मिरजेत. पिकअपची खूण नकाशावर जिथं होती तिथं मी बॅग घेऊन उभा, शेजारी कॉलेजची दोन पोरं. आणि गाडी आली ती रस्त्याच्या पलीकडच्या अंगाला, उसाच्या रसाच्या गाड्यापाशी, जिथं ती वर्षानुवर्षं थांबते, जिथं थांबायला मी स्वतः हजारो लोकांना सांगितलंय! मोबाईलमध्ये बघता बघता मी माझीच अक्कल विसरलो. डिव्हायडर ओलांडून पळालो. ड्रायव्हरनं दार उघडलं आणि नुसता हसत सुटला. "मालक, तुम्ही ऑनलाइन?" कराडपर्यंत तो मधूनमधून हसत होता.

कराडच्या पुढं गाडी हॉटेलवर थांबली. साडेबारा झाले असतील. चहाच्या टेबलाभोवती आमच्या गाडीतली पाच-सहा पोरं-पोरी होती. मी सरळ विचारलं, "का रे, तुम्ही काऊंटरवर का येत नाही?"

एक जण वाकडला कंपनीत आहे. त्याचं उत्तर साधं होतं: जायचं रात्री साडेदहाला ठरतं, तुमचं शटर नऊला खाली. दुसरा म्हणाला, ग्रुपवर लिंक आली, सगळ्यांनी काढलं, मीही काढलं. तिसऱ्याला फोनवर बोलायचाच कंटाळा. "काका, तुम्हाला फोन करा, तुम्ही त्यांना फोन करणार, मग परत मला." पैसे वाटून घेता येतात, हेही निघालं. चौघांचं तिकीट एकानं काढायचं आणि बाकीच्यांनी यूपीआयनं तिथल्या तिथं पाठवायचे. यूपीआय २०१६ चं. म्हणजे या पोरांच्या हातात मोबाईल आला तेव्हा ते होतंच, त्यांना त्यात नवल काय वाटणार? सूट हा शब्द निघाला, नाही असं नाही, पण तो चौथ्या-पाचव्या नंबरला आणि तोही हसत. "सूट काय काका, पहिल्यांदाच असते. मग दुसऱ्या नंबरवरनं घ्यायची."

कोपऱ्यात एक मुलगी बिस्किट चहात बुडवत उभी होती. म्हणाली, "काका, तुम्ही विश्रामबागचेच ना? फर्स्ट इयरला मी तुमच्याकडनंच तिकीट काढायचे."

मला बरं वाटलं. म्हटलं, मग काय झालं?

"तुम्ही विचारायचात. कुठं चाललीस, कुणाकडं, बरोबर कोण आहे, परत कधी."

"अगं, काळजीनं विचारायचो."

"माहितीय की ओ. पण मागं पाच माणसं उभी असायची."

बिस्किट तुटून चहात पडलं, तिनं चमच्यानं काढलं, आणि विषय बदलून मला तिच्या मोबाईलवर दाखवायला लागली, की शेजारची सीट गुलाबी असल्याशिवाय ती तिकीट काढत नाही आणि गाडीत बसल्यावर आईला लाइव्ह लोकेशन पाठवते. आई म्हणे ते बघत बघत झोपते. मी हूं हूं करत होतो. माझा चहा तसाच राहिला.

बर्थवर आडवा पडलो तरी ते डोक्यातनं जाईना. तिच्या वयाच्या पोरींना मी "कुणाकडं चाललीस" विचारायचो ते कशासाठी, तर माझं एक गणित असतं. पहाटे ४ ला कात्रजला उतरून पोरीनं रिक्षा शोधायची नाही. एकटी असेल तर मी तिला उशिरा सुटणारी, साडेपाच-सहाला पोचणारी गाडी देतो, भाडं वीस रुपये जास्त पडलं तरी. हे गणित ॲपला येत नाही. पोचायची वेळ लिहिलेली असते, पण ४ ला कात्रज कसं असतं ते लिहिलेलं नसतं. पण हे गणित मी मनात करायचो आणि प्रश्न मोठ्यानं विचारायचो. पाच माणसांना ऐकू जाईल असा.

त्या ॲपची दुसरी खोड सांगून टाकतो. जुलैत धाकटीची गाडी ऐन वेळी रद्द झाली. पैसे परत यायला नऊ दिवस लागले आणि तोवर ती एका यंत्राशी चॅट करत होती. यंत्र दर वेळी तेच म्हणायचं, तुमची गैरसोय झाल्याबद्दल क्षमस्व, आपला क्रमांक टाका. २०१९ च्या महापुरात सांगलीत पाणी शिरलं, पुण्याचा रस्ता तुटला. तेव्हा मी वही उघडून एकेकाला फोन केले होते आणि गल्ल्यातनं पैसे परत दिले होते, कंपनीकडून मला यायच्या आधी. हे मोठेपणा म्हणून नाही सांगत, तेव्हा सगळ्याच काऊंटरवाल्यांनी केलं. पण वहीत नाव असलं की माणूस फोन उचलतो, एवढं खरं.

येताना रेल्वेनं आलो. आणि इथं मला पदरमोड न करता एक चांगलं ॲप सापडलं, ते म्हणजे "व्हेअर इज माय ट्रेन". याचं नाव बिनधास्त लिहितो कारण तक्रार काही नाही. सिग्मॉइड लॅब्ज नावाच्या आपल्याकडच्याच कंपनीनं ते काढलं, २०१८ मध्ये गुगलनं विकत घेतलं. नेट नसलं तरी चालतं. गाडीत बसलेल्याचा मोबाईल कुठल्या टॉवरला लागलाय त्यावरनं ते गाडीचा ठिकाणा काढतं, आणि वेळापत्रक मोबाईलमध्येच साठवलेलं असतं. पुणे सोडलं, जेजुरी, नीरा, लोणंद झालं आणि आदर्कीच्या घाटात माझं नेट गेलं. ॲपमधला ठिपका थोडा अडखळला आणि वाठार यायच्या आत परत जागेवर. समोरच्या बाकावरचे आजोबा दर दहा मिनिटांनी "सातारा आलं का?" विचारत होते. त्यांच्या नातीनं त्यांना ते ॲप मराठी करून दिलं. मग कोरेगाव, रहिमतपूर, तारगाव, मसूर असं ते स्वतःच मोठ्यानं वाचायला लागले, स्टेशन यायच्या आधी! साताऱ्याला उतरायचं होतं ते राहिलं बाजूला. कराडला नात त्यांना उतरवून परतीच्या गाडीची चौकशी करत होती.

हे ॲप पोरांत इतकं का पसरलं, ते मला हॉटेलवरच्या चहानंतर जास्त कळलं. ते काही विचारत नाही. नाव नको, पासवर्ड नको, ओटीपी नको. उघडलं की गाडी कुठं आहे ते सांगतं आणि गप्प बसतं.

एसटीचं ॲप थोडक्यात. १७ मार्च २०२३ पासून एसटीत बायकांना निम्मं तिकीट झालं, तेव्हापासून मुली आधी एसटी बघतात, मग ट्रॅव्हल्स. मी त्या जागी असतो तर मीही बघितली असती. आरक्षण ॲपवर होतं, आयत्या वेळी गेलात तर कंडक्टरच्या मशीनवर यूपीआयही चालतं, त्यामुळं सुट्ट्यांची जुनी भांडणं गेली. रेल्वेचं रेलवन जुलै २०२५ मध्ये आलं. आरक्षित, साधं, प्लॅटफॉर्म, सगळी तिकिटं एकाच ठिकाणी. आमच्या भाच्यानं पहिल्याच आठवड्यात घेतलं. त्याला कारण विचारलं तर म्हणाला, मोबाईलमध्ये जागा नव्हती, दोन ॲप काढून एक टाकलं. हे कारण धाकटीच्या पुस्तकात आहे का ते विचारायचं राहिलं.

तर स्टार. रेल्वेच्या ठिपक्यावाल्याला पाच. ज्या ॲपवरून मी ट्रॅव्हल्सचं तिकीट काढलं त्याला साडेतीन. नकाशाचे आणि एकोणतीस गाड्यांचे पूर्ण दिले, आपोआप लागलेल्या टिकांचा एक कापला, रसाच्या गाड्याचा अर्धा. शिवाय रात्री ११ ला मोबाईल वाजवून "पुणे तुमची वाट बघतंय" म्हणतं त्याचाही कापायला पाहिजे होता, पण आमच्या हिला ते वाचून हसू येतं, म्हणून सोडला.

माझ्या काऊंटरला स्टार मी कसे देणार? दोन बदल केले ते सांगतो. चार्ट आता संगणकावर असतो, तो स्क्रीन गिऱ्हाइकाकडं वळवून ठेवलाय. आणि शटरवर कागद चिकटवलाय: "तिकीट कुठल्याही ॲपचं असू दे, गाडी नेमकी कुठं थांबते ते इथं विचारा. पैसे घेत नाही." शेजारचा झेरॉक्सवाला म्हणाला, वेडे झालात काय, त्यांचं गिऱ्हाईक तुम्ही सांभाळणार? असेल. पण त्या कागदामुळं दिवसाला आठ-दहा जण येतात, आणि त्यातले एक-दोन परतीचं माझ्याकडं काढतात.

परवा रात्री साडेआठला एक पोरगी आली. पाठीवर सॅक, हातात भडंगाची पिशवी, मोबाईल माझ्यासमोर धरलेला. ॲपवरचीच खूण, तीच चुकीच्या अंगाची. मागं तीन जण उभे होते. "कुठं चाल..." एवढं तोंडातनं निघालं आणि मी ते गिळलं. म्हटलं, "गाडीचा नंबर तेवढा दाखव." तिनं दाखवला. "पलीकडं, रसाच्या गाड्यापाशी थांब. आणि ही गाडी कात्रजला ४ ला पोचते बघ. हिच्या मागची साडेपाचला पोचते. तुझं तू ठरव."

तिनं तिथंच उभं राहून ॲपवर गाडी बदलली.